वादळ, विमान आणि वेळापत्रक

सप्टेंबर २०२५ मध्ये रागासा नावाचे अतितीव्र टायफून फिलिपाइन्सच्या उत्तरेकडून दक्षिण चीनच्या किनाऱ्याकडे सरकत होते. २४ सप्टेंबरच्या पहाटे हाँगकाँगच्या वेधशाळेने १० क्रमांकाचा, म्हणजे सर्वांत वरचा, इशारा दिला. पण त्याच्या बऱ्याच आधी, २३ तारखेच्या संध्याकाळपासूनच, तेथील विमानतळावर प्रवासी विमानांची ये-जा जवळजवळ थांबली होती. कॅथे पॅसिफिक या एकाच कंपनीने ५०० हून अधिक उड्डाणे रद्द केली. हाँगकाँगच्या कंपन्यांनी आपली बहुतेक विमाने जपान, चीन, कंबोडिया, युरोप, ऑस्ट्रेलिया येथील विमानतळांवर आधीच नेऊन ठेवली होती.

वर्तमानपत्रात अशी बातमी आपण एका वाक्यात वाचतो : 'वादळामुळे विमानसेवा विस्कळित.' पण वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने विचारले, की विमान तर ढगांच्याही वरून जाते, मग ते वादळाच्या वरून का जात नाही? वारा सुटायच्या आधीच उड्डाणे का रद्द करतात? आणि वादळ निघून गेल्यावरही दोन-दोन दिवस गोंधळ का चालू राहतो? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, तर भौतिकशास्त्र, त्रिकोणमिती, संभाव्यता आणि झोपेचे शास्त्र असे सगळेच विषय हाताशी लागतात.

वादळ खाली, विमान वर

टायफून, हरिकेन आणि आपल्याकडचे चक्रीवादळ ही एकाच घटनेची निरनिराळ्या समुद्रांतील नावे आहेत. वायव्य पॅसिफिकमध्ये सततच्या वाऱ्याचा वेग ताशी ११८ कि.मी. किंवा त्याहून अधिक झाला की त्या वादळाला टायफून म्हणतात. अशा वादळाचा गाभा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असतो. त्यामुळे त्याचे वारे जमिनीपासून पहिल्या एक-दोन कि.मी.मध्ये सर्वांत जोरदार असतात आणि उंचीबरोबर मंदावत जातात. प्रवासी विमाने १० ते १२ कि.मी. उंचीवरून जातात. तेथे वाऱ्यापेक्षा त्रास असतो तो उंच चढलेल्या गडगडाटी ढगांचा, हिसक्यांचा आणि बर्फ साचण्याचा. ते ढग टाळून वळसा घालता येतो. म्हणजे अडचण वादळ ओलांडण्यात फारशी नाही. ती आहे वादळाखालच्या धावपट्टीवर उतरण्यात.

विमान उतरते ते शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून. वारा बाजूने आला की ते धावपट्टीवरून सरकू लागते. वाऱ्याचा जो घटक धावपट्टीला काटकोनात असतो, त्याला आपण आडवा वारा म्हणू. वाऱ्याचा वेग गुणिले वाऱ्याच्या व धावपट्टीच्या दिशांमधील कोनाची ज्या, म्हणजे आडवा वारा. समजा वारा ४० नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ७४ कि.मी.चा आहे. कोन ३० अंशांचा असेल तर आडवा वारा २० नॉट. कोन ६० अंशांचा झाला की तोच ३५ नॉट. मोठ्या प्रवासी विमानांची मर्यादा कोरड्या धावपट्टीवर साधारण ३५ नॉटच्या आसपास असते. धावपट्टी ओली असेल तर ती बरीच खाली येते. वादळात ती ओलीच असणार! म्हणजे वाऱ्याचा जोर तोच राहिला आणि नुसती दिशा बदलली, तरी 'उतरता येईल'चे 'उतरता येणार नाही' होते.

मुंबईच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, त्यामुळे दिशेची थोडी निवड करता येते. हाँगकाँगच्या तिन्ही धावपट्ट्या समांतर आहेत. शिवाय विमानतळाच्या दक्षिणेला लांताऊ बेटाचे डोंगर आहेत आणि त्यांतील सर्वांत उंच शिखर ९३४ मीटरचे आहे. दक्षिणेचा वारा या डोंगरांवरून येताना त्याच्यात भोवरे पडतात आणि उतरणाऱ्या विमानाला काही सेकंदांच्या अंतराने वेगवेगळा वारा लागतो. हे भोवरे पाहण्यासाठी तेथील वेधशाळेने २००२ मध्ये लेसर किरणांनी वारा मोजणारे उपकरण बसवले. विमानतळावर असा इशारा देण्यासाठी या तंत्राचा वापर जगात प्रथम तेथेच झाला.

उभ्या विमानालाही धोका

मग उड्डाणे थांबवून विमाने तळावरच का ठेवत नाहीत? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० कि.मी. वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन बल लावतो. वेग दुप्पट झाला की हे बल चौपट, म्हणजे सुमारे १,८५० न्यूटन होते. विमानाच्या शेपटीचा उभा भाग २० चौरस मीटरचा धरला, तर ढोबळ हिशेबाने त्यावर बाजूने पावणेचार टन वजनाइतका रेटा येतो. वातकुक्कुटाप्रमाणे विमान फिरू पाहते. तोंड वाऱ्याकडे करून ठेवावे, तर पंख हे हवेने वर उचलले जावे म्हणूनच घडवलेले असतात. वारा समोरून आला की ते आपले काम करू लागतात. टाक्या इंधनाने भरून वजन वाढवणे, चाकांना अडसर लावणे हे उपाय करतात. पण सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे विमान तेथे नसणे.

४ सप्टेंबर २०१८ रोजी जेबी टायफून जपानच्या कान्साई विमानतळावरून गेले, तेव्हा तेथे सेकंदाला ५८.१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २०९ कि.मी. वेगाचा झोत नोंदला गेला. समुद्रात भर घालून बांधलेल्या या तळावर पाणी शिरले. नांगर सुटून वाहत आलेले एक तेलवाहू जहाज तळाला जोडणाऱ्या पुलावर आदळले आणि हजारो माणसे बेटावर अडकली. विमाने थांबवणे पुरेसे नसते. माणसे वेळेवर घरी पोहोचवणे हाही वादळाच्या तयारीचाच भाग आहे.

हाँगकाँगमध्ये ८ क्रमांकाचा इशारा लागतो तेव्हा सततचा वारा ताशी ६३ कि.मी. किंवा अधिक अपेक्षित असतो. शहराचे व्यवहार बंद होऊ लागतात. त्या वाऱ्यातही एखादे विमान कदाचित उतरू शकेल. पण त्याला शिडी कोण लावणार? सामान काढणाऱ्या यंत्रांना, विमानाच्या दारांनाही वाऱ्याची मर्यादा असते. उतरलेल्या विमानात प्रवाशांना तासन्‌तास बसवून ठेवावे लागते.

इंधन आणि पर्यायी विमानतळ

निघतानाच वैमानिकाला सांगावे लागते, की ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर कोठे उतरणार. प्रवासाचे इंधन, थोडे जादा इंधन, पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि शेवटी ३० मिनिटे घिरट्या घालण्याइतके राखीव इंधन असा हिशेब असतो. एरवी पर्यायी तळ शेजारीच मिळतो. टायफूनचे जोरदार वारे मात्र शेकडो कि.मी.पर्यंत पसरलेले असतात, त्यामुळे शेजारचे तळही त्याच संकटात सापडतात. जे मोकळे असतात ते आधी वळवलेल्या विमानांनी भरून जातात. म्हणून पर्याय दूरचा निवडावा लागतो आणि इंधन अधिक घ्यावे लागते. पण जादा वजन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. मोठ्या विमानात जादा वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के इंधन दर तासाला त्याच्यासाठी खर्च होते. दहा तासांच्या प्रवासात १० टन जादा घेतले, तर त्यातील सुमारे ३ टन वाटेतच संपतात. शिवाय तेवढा माल खाली ठेवावा लागतो. कप्तान जादा इंधन मागतो आणि कंपनीच्या हिशेबात तो खर्च दिसतो. हा झाला दोघांमधील ताणाचा पहिला मुद्दा.

घड्याळ वैमानिकाचेही असते

दुसरा मुद्दा झोपेचा. १९९७ मध्ये डॉसन व रीड या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. म्हणून वैमानिकांच्या कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा असते.

एक उदाहरण घेऊ. हाँगकाँग-टोकियो-हाँगकाँग अशी फेरी आहे. निघण्यापूर्वी एक तास तयारी, जाताना ४ तास, टोकियोत दीड तास, येताना ५ तास. बेरीज साडेअकरा तास. मर्यादा १३ तासांची धरू. म्हणजे हाताशी दीड तास उरला. टोकियोतून निघायला दोन तासांचा उशीर झाला की हे वैमानिक परतीचे विमान नेऊ शकत नाहीत. अनपेक्षित अडचणीत थोडी वाढ करण्याचा अधिकार असतो, पण तो कप्तानाला असतो, व्यवस्थापनाला नाही. आपण व आपले सहकारी कितपत ताजेतवाने आहोत, हे पाहून त्याने ठरवायचे असते.

आता पुढची साखळी पाहू. हे वैमानिक टोकियोत विश्रांतीला थांबले. विमानही तेथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान हाँगकाँगहून सिंगापूरला, आणि तेच वैमानिक परवा मनिलाला जायचे होते. म्हणजे टोकियोतील दोन तासांच्या उशिराने दोन वेगळ्या शहरांची दोन उड्डाणे अडली. विमान, वैमानिक आणि प्रवासी हे तीन धागे सकाळी एकत्र विणलेले असतात. वादळात ते सुटतात आणि प्रत्येक जण वेगळ्याच शहरात सापडतो. वादळ गेल्यावर आकाश निळे दिसते, तरी दोन दिवस गोंधळ राहतो तो यामुळे.

आधीच रद्द करण्याचे गणित

आता व्यवस्थापनाच्या बाजूने पाहू. टायफूनच्या केंद्राचा २४ तास आधीचा अंदाज आज सरासरी शंभर कि.मी.च्या आतच चुकतो. पण तेवढ्या फरकानेही वादळ शहरावर येईल की बाजूने जाईल हे बदलते. आधी रद्द करावे आणि वादळ वळून जावे, तर लोक हसतात व पैसे बुडतात. वाट पाहावी आणि वादळ यावे, तर विमाने, वैमानिक व प्रवासी विखुरतात.

समजा आधी रद्द करण्याचे नुकसान १ एकक आहे आणि ऐन वेळी सापडण्याचे ५ एकके. वादळ येण्याची संभाव्यता स असेल, तर वाट पाहण्याचे अपेक्षित नुकसान ५ गुणिले स. हे १ पेक्षा जास्त झाले, म्हणजे स एक पंचमांशाहून मोठी झाली, की आधी रद्द करणेच शहाणपणाचे. म्हणजे वादळ न येण्याची शक्यता सत्तर टक्के असतानाही रद्द करण्याचा निर्णय बरोबर असू शकतो! येथील आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. पण विचाराची रीत हीच. आणि आधी रद्द केले की विमाने सुरक्षित जागी व वैमानिक विश्रांती घेऊन तयार असतात, त्यामुळे सेवा लवकर सावरते. रागासानंतर २५ सप्टेंबरपासून हाँगकाँगची वाहतूक टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

घाईची किंमत

हा केवळ पैशाचा व गैरसोयीचा हिशेब नाही. २२ ऑगस्ट १९९९ रोजी सॅम वादळाच्या वाऱ्यात चायना एअरलाइन्सचे विमान हाँगकाँगला उतरताना जोराने आदळले, त्याचा पंख तुटला आणि ते उलटले. विमानातील ३१५ पैकी ३ जण दगावले. ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री सांगसाने टायफून जवळ येत असताना सिंगापूर एअरलाइन्सचे बोईंग ७४७ तैपेईहून लॉस एंजेलिसला निघाले. पावसात व अंधारात ते चुकून शेजारच्या, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवर गेले आणि तेथील यंत्रसामग्रीवर आदळले. १७९ पैकी ८३ जणांचा मृत्यू झाला. तैवानच्या चौकशी अहवालाने नोंदवले, की वादळ येण्यापूर्वी निघण्याच्या वेळेच्या दडपणाचा वैमानिकांच्या निर्णयक्षमतेवर नकळत परिणाम झाला. सिंगापूरच्या बाजूने विमानतळावरील दिवे व खुणांमधील उणिवांवर भर दिला. दोन्ही वाचले की एक गोष्ट स्पष्ट होते : वादळ थेट विमानाला न शिवताही, केवळ घाई निर्माण करून घात करू शकते.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत विमानाबाबतचा अंतिम अधिकार कप्तानाला दिला आहे. उड्डाण रद्द करण्यास एकाचा नकार पुरतो. उड्डाण होण्यासाठी मात्र विमानतळ, कंपनी आणि कप्तान या सर्वांचा होकार लागतो. नकार देणाऱ्या वैमानिकाला नंतर जाब विचारला जाणार असेल, तर हा नियम कागदावरच राहतो. व्यवस्थापनाने वेळीच रद्द केलेले उड्डाण म्हणजे कप्तानाच्या खांद्यावरून उतरवलेले एक ओझे असते.

वर्गात करून पाहा

आपल्याकडेही १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई विमानतळ अनेक तास बंद ठेवावा लागला होता. तेव्हा हा विषय दूरचा नाही. आठवी-नववीच्या वर्गात कोनमापक घेऊन वाऱ्याच्या वेगवेगळ्या दिशांसाठी आडव्या वाऱ्याचा तक्ता करून घेता येईल. ज्या माहीत नसेल तर प्रमाणात आकृती काढून लांबी मोजावी. मोठ्या मुलांसाठी आणखी एक खेळ आहे. फळ्यावर चार शहरे काढा. पत्त्यांचे तीन तुकडे विमाने, दुसऱ्या रंगाचे तीन तुकडे वैमानिकांच्या जोड्या. दिवसाचे वेळापत्रक मुलांनाच लिहू द्या. मग एक शहर सहा तास बंद करा आणि १३ तासांची मर्यादा पाळून दुसऱ्या दिवशीची पहिली फेरी कोण नेणार, ते शोधायला सांगा. अर्ध्या वर्गाला कंपनीची बाजू द्या, अर्ध्याला वैमानिकांची. नंतर बाजू बदला. तीनच विमानांत केवढा गुंता होतो ते मुलांना दिसेल. खऱ्या कंपनीकडे अशी शेकडो विमाने असतात.