बोरघाटातील आगगाडी आणि मुक्तपिंड-आकृती

गेल्या लेखांकात न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे विवेचन केल्यानंतर, इंजिन डब्याला ज्या बलाने पुढे ओढते नेमक्या तेवढ्याच बलाने डबाही इंजिनाला मागे ओढीत असेल, तर ही दोन्ही बले परस्परांना खाऊन टाकून गाडी जागच्या जागी का राहत नाही, अशी शंका चिकित्सक वाचकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन शब्दांनी होत नाही. त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन मुक्तपिंड-आकृती काढावी लागते. जमिनीच्या तंट्यात हद्द कायम केल्यावाचून मोजणीदार ज्याप्रमाणे कोणाच्याही खाती एक गुंठासुद्धा मांडीत नाही, त्याप्रमाणे येथेही ज्या एका पदार्थाचा विचार करावयाचा त्याभोवती प्रथम हद्द आखावयाची, हद्दीबाहेरचे सर्व जग पुसून टाकावयाचे, आणि त्या पुसलेल्या जगाने या पदार्थावर चालविलेली बले तेवढी बाणांनी दाखवावयाची. पदार्थाने इतरांवर चालविलेल्या बलांना या आकृतीत मज्जाव आहे.

उदाहरणार्थ, १८६३ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने खुला केलेला बोरघाट घेऊ. कर्जत सोडल्यावर या घाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ लागतो, आणि तो चढण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावण्याची वहिवाट आहे, हे मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांस सांगावयास नको. हिशेब सुकर व्हावा म्हणून गाडीचे अठरा डबे प्रत्येकी ३७ टनांचे, पुढे एक व मागे एक अशी दोन इंजिने प्रत्येकी १११ टनांची, आणि चाकांचा व हवेचा रोध नगण्य असे समजू. म्हणजे प्रत्येक डब्याच्या वजनाचा उताराच्या दिशेने पडणारा अंश एक टनभार, व प्रत्येक इंजिनाचा तीन टनभार होतो.

गाडी समवेगाने चढत आहे आणि मागचे इंजिन शेवटच्या डब्याला दहा टनभार बलाने रेटीत आहे, असे धरू. अठरा डब्यांभोवती हद्द आखली की त्यांच्या वजनाची मागे ओढ अठरा आणि मागच्या इंजिनाचा पुढे रेटा दहा; समवेग असल्याने बले तोलली गेली पाहिजेत, म्हणून उरलेल्या आठ टनभारांचा ताण पुढच्या इंजिनाकडे येतो. आता हद्द केवळ पुढच्या इंजिनाभोवती आखा. डब्यांची मागे ओढ आठ, स्वतःच्या वजनाची मागे ओढ तीन, आणि रूळ घर्षणाने चाकांना पुढे लोटतात ते अकरा. झाले, शंका फिटली! इंजिनाने डब्यावर चालविलेले बल या आकृतीत नाहीच; ते डब्याच्या खाती जमा आहे, आणि एकाच्या खात्यातील रक्कम दुसऱ्याच्या खात्यातून वजा करण्याचा कोणालाही अख्त्यार नाही. रुळांनी अकराऐवजी बारा टनभार दिले तर समतोल मोडून गाडीचा वेग वाढू लागेल. उलट, हद्द सबंध गाडीभोवती आखल्यास सर्व सांध्यांतील बले आकृतीतून लुप्त होतात. उरतात ते पुढून अकरा व मागून तेरा असे रुळांचे चोवीस टनभार आणि त्यांना तोलून धरणारा ८८८ टन वजनाचा सदतिसावा अंश.

परंतु खरी मौज सांध्यांत आहे. पुढच्या इंजिनालगतच्या पहिल्या सांध्यावर आठ टनभार ताण, दुसऱ्यावर सात, तिसऱ्यावर सहा, अशी उतरती भाजणी लागून आठव्या व नवव्या डब्यांमधील सांध्यावर बल शून्य होते. तेथून पुढे ताणाची जागा दाब घेतो आणि तो वाढत वाढत मागच्या इंजिनापाशी दहावर पोचतो. एकच गाडी पुढल्या अर्धात ओढली जाते व मागल्या अर्धात ढकलली जाते, ही गोष्ट डब्यात बसलेल्या उतारूस कधीही जाणवत नाही. दोन्ही इंजिने पुढेच जोडली असती तर पहिल्या सांध्याला सबंध अठरा टनभार सोसावे लागले असते, आणि तो सांधा तुटता तर मागे डबे अडवावयास इंजिन नसते. मात्र इंजिनांच्या जोरात थोडी तफावत पडताच हा शून्याचा सांधा मागेपुढे सरकतो व ताणलेली कपलिंगे सैल पडून गाडीला हिसके बसतात. म्हणून दोन्ही चालकांमध्ये मेळ असणे अगत्याचे असते.

गाडीचा वेग किती, हा तपशील या सबंध हिशेबात कोठेही आलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. गतीच्या दिशेने बाण काढून त्यास बल समजण्याची खोड विद्यार्थ्यांत फार आढळते, व माझ्या मते पाठ्यपुस्तकांतील ढिसाळ आकृत्या तिला बऱ्याच अंशी जबाबदार आहेत. वेग समान आहे तोवर तो दहा मैलांचा असो वा तीस मैलांचा, आपण गृहीत धरलेल्या परिस्थितीत सांध्यांवरील बले तीच राहतात.

पुढील लेखांकापूर्वी वाचकांनी एक गणित अवश्य सोडवावे. हेच अठरा डबे खंडाळ्याहून कर्जतकडे समवेगाने उतरत आहेत, मागे इंजिन नाही, आणि ब्रेक फक्त पुढच्या इंजिनाने लावलेला आहे. तर पाचव्या व सहाव्या डब्यांमधील सांध्यावर बल किती, आणि तो ताण की दाब? हद्द कोणत्या डब्यांभोवती आखली हे आकृतीत दाखविल्याखेरीज उत्तर पुरे समजू नये.