‘शीर मिळत नाहीये!’

हे तीन शब्द ज्यांनी ऐकले नाहीत असं कुटुंब आता विरळाच. घरचं कुणी रुग्णालयात दाखल झालं की तासाभरात सलाइन लागतं, आणि त्यात काही विशेष आहे असं आपण मानत नाही. पण बाटली टांगण्याआधी कातडीखालच्या बारीक शिरेत प्लॅस्टिकची नळी सरकवावी लागते. धडधाकट तरुणाच्या हातात हे मिनिटभराचं काम. वृद्ध, स्थूल, तान्ही मुलं, जुलाब-उलट्यांनी कोरडी पडलेली माणसं यांच्या बाबतीत मात्र तेच काम अर्ध्या तासाची परीक्षा होऊन बसतं.

माझ्या पत्नीच्या केमोथेरपीच्या काळात ही परीक्षा मी दर २१ दिवसांनी पाहिली. उजव्या बाजूची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढलेल्या. सूज येऊ नये म्हणून तो हात वर्ज्य. उरला डावा. त्यातही कोपर आणि मनगट टाळायचं, कारण केमोची काही औषधं शिरेबाहेर झिरपली तर आतलं मांस जाळतात. म्हणजे सगळी भिस्त वीतभर जागेवर, आणि तिथल्याही शिरा औषधाने एकेक करून कडक होत चाललेल्या. तिसऱ्या खेपेला चार वेळा टोचूनही शीर मिळाली नाही. आजाराचं नाव शांतपणे ऐकून घेतलेली ही बाई चौथ्या खेपेच्या आदल्या रात्री म्हणाली, ‘‘उद्या नको जाऊ या.’’

गेलो. त्या दिवशी वॉर्डातल्या जुन्या सिस्टर होत्या. त्यांनी आधी सुई काढलीच नाही. ‘‘काकू, सकाळपासून पाणी प्यायलात का?’’ एवढं विचारलं, हात कोमट ओल्या टॉवेलात गुंडाळला, खाटेवरून खाली सोडायला सांगितला आणि दहा मिनिटं दुसऱ्या पेशंटकडे निघून गेल्या. उबेने शिरा फुलतात, हात लोंबता ठेवला की त्यात रक्त भरतं. थंडीने आणि भीतीने त्या आक्रसतात. परत येऊन रबरी पट्टा बांधला तोही बेताचाच. फार आवळला तर धमनीतून येणारं रक्तच अडतं, मग शीर भरणार कशी? अगदी म्हाताऱ्या माणसांना त्या पट्टा सैल ठेवतात, कधी बांधतही नाहीत. ताणलेली नाजूक शीर सुई लागताच फुटते.

मग बोटं फिरू लागली, नजर भलतीकडेच. मला आमच्या बँकेतले हेड कॅशियर आठवले. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत ते नोटा मोजायचे आणि खोटी नोट अंगठ्याखाली आली की हात आपोआप थांबायचा. सिस्टर म्हणाल्या, ‘‘काका, डोळ्यांना दिसते ती शीर पुष्कळदा फसवते. दाबून सोडल्यावर टुणकन वर येते ती घ्यायची.’’ कडक लागतो तो कंडरा, ठोके देते ती धमनी, आणि दाबून दबतच नाही ती निकामी झालेली शीर.

जागा पुसून त्यांनी अंगठ्याने खालची कातडी ताणून धरली, कारण सैल कातडीखाली शीर सुईला चुकवून बाजूला पळते. सुई जवळजवळ आडवीच. मागच्या पारदर्शक कप्प्यात रक्त दिसलं. नवशिक्यांची गफलत इथेच होते, असं त्यांनी नंतर समजावलं. सुईचं टोक नळीच्या जरासं पुढे असतं. रक्त दिसतं तेव्हा सुई आत पोचलेली असते, नळी अजून उंबऱ्यावरच. तेव्हाच नळी ढकलली तर ती आत जात नाही; सुई तशीच रेटली तर शिरेच्या आरपार. म्हणून सुई आणखी आडवी करून एक-दोन मिलिमीटर पुढे न्यायची, मग ती स्थिर धरून फक्त नळी सरकवायची. एका टोचण्यात काम झालं.

कोरड्या शरीराची ही अडचण जुनीच आहे. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ इथे डॉ. टॉमस लॅटा यांनी पटकीने मरणाला टेकलेल्या एका वृद्धेच्या हाताच्या शिरेत सुमारे तीन लिटर क्षारयुक्त पाणी सोडलं. पटकीत अंगातलं पाणी जातं आणि शिरा चपट्या होतात. म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, त्याचीच शीर सापडायला सर्वांत अवघड. ती बाई शुद्धीवर आली, पण जुलाब पुन्हा सुरू होऊन काही तासांत गेली. पुढे कितीतरी वर्षं धातूची सुईच हातात राहायची आणि हात फळीला बांधून ठेवावा लागे. शिरेत राहणारी प्लॅस्टिकची नळी अमेरिकेत १९५० च्या सुमारास आली.

आता अल्ट्रासाउंडही मदतीला आहे. पडद्यावर दाबाने मिटते ती शीर, धडधडत उघडी राहते ती धमनी, असा फरक दिसतो आणि खोलवरची शीरही गाठता येते. पण यंत्र प्रत्येक वॉर्डात कुठलं असायला! तेव्हा नातेवाइकांनी थोडं तोंड उघडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या इन्फ्युजन नर्सेस सोसायटीच्या २०१६ च्या नियमावलीत, एका व्यक्तीने दोनपेक्षा जास्त प्रयत्न करू नयेत, असं म्हटलं आहे. ‘‘सिस्टर, दोनदा झालं, आता दुसऱ्या कुणाला बोलावता का?’’ असं नम्रपणे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. केमो लांबणार असेल तर पोर्टबद्दल पहिल्या खेपेआधीच डॉक्टरांशी बोलावं. छातीच्या कातडीखाली बसवलेली ही छोटीशी डबी मोठ्या शिरेला जोडलेली असते, सुई त्या डबीत टोचतात. पत्नीच्या उरलेल्या चार खेपा तशाच झाल्या. आदल्या रात्रीचं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचं आणखी वेगळं. पुढेमागे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल तर मनगट ते कोपर या भागातल्या शिरा राखून ठेवायच्या असतात, कारण फिस्टुला त्यांचाच करतात. रक्त काढायचं तर तळहाताच्या मागच्या बाजूने. फिस्टुला झालेल्या हाताला तर सलाइनच काय, रक्तदाबाचा पट्टाही लावू द्यायचा नाही. हे दाखल होतानाच सांगावं, केसपेपरवर लिहून घ्यावं आणि पाळी बदलून नवीन सिस्टर आल्या की पुन्हा सांगावं.