एका बुचाने अडवलेल्या दोन गोष्टी

सडक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात, अशी एके काळी बहुतेकांची समजूत होती. फ्लॉरेन्सचा वैद्य फ्रान्चेस्को रेडी याने ती तपासली आणि १६६८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. साप, मासे, ईल आणि वासराचे मांस त्याने चार बाटल्यांत घालून त्या घट्ट बंद केल्या. तशाच आणखी चार उघड्या ठेवल्या. अळ्या फक्त उघड्या बाटल्यांत झाल्या.

आपण बहुधा इथेच निष्कर्ष लिहून मोकळे झालो असतो. पण बंद बाटलीत माशीप्रमाणेच ताजी हवाही जात नव्हती! मग अळ्या कशामुळे झाल्या नाहीत? रेडीने पुन्हा प्रयोग मांडला. या वेळी भांड्याच्या तोंडावर बारीक जाळीचे कापड बांधले. हवा आत जाई, माशी बाहेर राही. तरीही मांसात अळ्या झाल्या नाहीत. हा दुसरा प्रयोग आम्हांला पहिल्याहून मोलाचा वाटतो.

आता वर्गात येऊ. 'बी रुजायला उजेड लागतो का?' हे पाहण्यासाठी मुगाची एक वाटी खिडकीत आणि दुसरी कपाटात ठेवली जाते. खिडकीत ऊन लागते, पाणीही लवकर आटते. म्हणजे उजेडासोबत ऊब आणि ओल दोन्ही बदलली. त्यापेक्षा दोन्ही वाट्या सावलीत एकाच टेबलावर ठेवाव्यात. दोन्हींवर सारख्याच काचेच्या बरण्या उपड्या घालून एकीला काळा कागद गुंडाळावा. पाणी मोजून द्यावे. मुगात गणंग निघतातच, म्हणून तीन-चार दाण्यांवर भिस्त नको. प्रत्येक वाटीत निदान ३० दाणे न निवडता घ्यावेत. किती मिलिमीटर कोंब दिसला म्हणजे 'रुजला' म्हणायचे, हे आधीच फळ्यावर लिहावे. मोजणाऱ्या मुलाला कोणती वाटी कुठली, हे सांगू नये.

मूग अंधारातही रुजतो. मोड आणण्यासाठी तो फडक्यात बांधून ठेवणाऱ्या घरांना हे ठाऊकच आहे. तरी एखाद्या गटाच्या वहीत 'उजेडात जास्त' असे आले, तर तो आकडा खोडायला लावू नये आणि त्याचे गुणही कापू नयेत. पाणी कमीजास्त पडले का, हे त्यांच्याकडूनच शोधून घ्यावे व प्रयोग पुन्हा करू द्यावा. लेट्यूसच्या काही जातींचे बी मात्र रुजायला खरोखरच उजेड मागते. ते मिळाले, तर त्याच बरण्यांखाली ठेवून पाहता येईल.