मधुमेह आणि सकाळचा पेला : दुधास पर्याय कोणते?

गेल्या काही वर्षांत धान्याच्या पेढीवर एक नवाच प्रश्न वारंवार कानी पडू लागला आहे. पूर्वी ग्राहक गव्हाचा दर विचारी, तुरीची प्रत पाही, तांदूळ जुना की नवा याची चौकशी करी. आता तोच ग्राहक विचारतो, "शेठजी, डॉक्टरांनी साखर व पिष्ट कमी करावयास सांगितले आहे. सकाळच्या कॉफीत दुधाऐवजी काय घालू?" आमच्या बेल्लमपल्लीत, म्हणजे पूर्वीच्या आदिलाबाद व २०१६ पासून मंचिर्याल जिल्ह्यातील या कोळशाच्या गावात, हा प्रश्न खाणीतून निवृत्त झालेले कामगार विचारतात, शिक्षक विचारतात आणि सर्वांहून अधिक आपले व्यापारीबंधूच विचारतात. सकाळी आठापासून रात्रीपर्यंत गादीवर बसावयाचे आणि येईल त्या ग्राहकाबरोबर एक पेला घ्यावयाचा, हा आपला नित्यक्रम. त्याचे फळ पुढे येतेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. तेव्हा या प्रश्नाचा विचार स्मरणिकेच्या पानांवर व्हावा, हे उचितच होय.

आम्ही वैद्य नव्हे. औषधोपचाराविषयी आम्ही काही सांगणार नाही. परंतु बाजारात दुधाचे पर्याय म्हणून जे पदार्थ येतात, ते बहुतेक सर्व आपल्याच पोत्यांतून निघालेले आहेत. बदाम, नारळ, तीळ, भुईमूग, सोयाबीन, तांदूळ, ओट यांचे गुणधर्म ओळखणे हा तर आपला धंदा. त्या ओळखीचा उपयोग रोग्याच्या पेल्यापर्यंत कसा पोहोचेल, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम दुधाचा हिशोब पाहू. गाईच्या काय किंवा म्हशीच्या काय, शंभर मिलिलिटर दुधात सुमारे पाच ग्रॅम दुग्धशर्करा असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असतो, शर्करा मात्र जवळजवळ तेवढीच. शंभर मिलिलिटर दूध घातलेल्या एका पेला कॉफीत दुधाची शर्करा पाच ग्रॅम झाली. त्याच पेल्यात दोन सपाट चमचे साखर घातली, तर ती आठ ते दहा ग्रॅम भरते. शेजारच्या बशीत साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांचे केलेले पोहे असतील, तर त्यांतील पिष्ट सुमारे पंचेचाळीस ग्रॅम होते. जमाखर्चाची वही ज्यास वाचता येते, त्यास यावरून क्रम सहज कळेल. आधी चमचा सोडावा, मग ताटाकडे पाहावे, आणि त्यानंतर दुधाचा विचार करावा. चमचाभर साखर कायम ठेवून केवळ दूध बदलणे म्हणजे मोठी थकबाकी तशीच ठेवून किरकोळ उधारी वसूल करण्यासारखे आहे.

तथापि दुधाचा प्रश्न निरर्थक आहे, असे मात्र नव्हे. जे सकाळी मोठा पेलाभर, म्हणजे तीनशे मिलिलिटर दूध पितात, त्यांच्या पोटात एकट्या दुधातून पंधरा ग्रॅम शर्करा जाते. जे दिवसातून पाच-सहा वेळा कॉफी घेतात, त्यांचीही बेरीज लहान नसते. शिवाय आपल्या देशातील पुष्कळ प्रौढांना दुग्धशर्करा नीट पचत नाही, पोट फुगते. अशांना पर्यायाची खरी गरज आहे.

या ठिकाणी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा, की पातळ दुधात साखर कमी असते. मुंबईच्या आरे दुग्ध योजनेचे श्री. दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात पाणी व मलईरहित दुधाची भुकटी मिसळून 'टोन्ड' दूध सिद्ध केले. त्यांना १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. सामान्य जनतेस स्वस्त दूध मिळावे, हा त्यामागील हेतू. या दुधात स्निग्धांश तीन टक्के, व 'डबल टोन्ड' दुधात दीड टक्का असतो. परंतु शर्करा जशीच्या तशी राहते. मलई काढल्याने साखर जात नाही. दुसरा गैरसमज 'लॅक्टोजरहित' दुधाविषयीचा. या दुधात पाचकद्रव्य घालून दुग्धशर्करेचे दोन तुकडे केलेले असतात. त्यामुळे पोट फुगत नाही, हे खरे. पण साखर दुधातच राहते, फक्त तिचे रूप पालटते, आणि दूध किंचित गोडही लागते. पोट फुगणाऱ्यास ते उपयोगी आहे. शर्करा मोजणाऱ्यास त्याचा लाभ नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. आपल्या व्यापारात मालाचे तीन वर्ग पूर्वापार मानलेले आहेत : तृणधान्ये, कडधान्ये आणि गळिताची धान्ये. हाच भेद दुधाच्या पर्यायांस लावला की कोड्याचा उलगडा होतो. वनस्पतीचे 'दूध' म्हणजे दाणा पाण्यात वाटून गाळलेला रस. दाण्यात पिष्ट असेल तर पेल्यात पिष्ट उतरेल, आणि दाण्यात तेल असेल तर पेल्यात तेल उतरेल. जे घाण्यात जाते त्याच्या दुधात शर्करा कमी, आणि जे जात्यात जाते त्याच्या दुधात अधिक, एवढे सूत्र ध्यानी ठेवले तरी पुरे.

तांदळात शंभर भागांपैकी सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग पिष्ट असते. म्हणून तांदळाच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे नऊ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येतात, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. ओटचे दूध हल्ली शहरांतील कॉफीगृहांत फार चालते. ते दाट असते व त्यास फेसही चांगला येतो. परंतु ते करताना ओटमधील पिष्टाचे पाचकद्रव्याच्या योगे शर्करेत रूपांतर केलेले असते. म्हणून वरून साखर न घालताही ते गोड लागते, आणि त्यात सहा-सात ग्रॅम कर्बोदके भरतात. ओट आरोग्यास हितकर आहेत हे ऐकून मधुमेही मनुष्य ओटचे दूध घेतो. परंतु दाण्यातील चोथ्याचा मोठा भाग गाळणीत राहतो व शर्करा पेल्यात उतरते, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

याउलट बदामाचे पाहा. शंभर ग्रॅम बदामांत पन्नास ग्रॅम तेल व वीस-एकवीस ग्रॅम प्रथिने असतात. कर्बोदके वीस-एकवीस ग्रॅम असली तरी त्यांपैकी निम्म्याहून अधिक चोथाच असतो. तीस ग्रॅम, म्हणजे सुमारे पंचवीस बदाम अर्धा लिटर पाण्यात वाटून गाळले, तर शंभर मिलिलिटरमागे कर्बोदके एक ग्रॅमच्या आतच राहतात. तीळ आणि भुईमूग यांचेही गणित याच जातीचे. ओल्या नारळाचे घट्ट दूध चौपट पाण्याने सैल केले, तर त्यातही शर्करा नाममात्रच उरते. नारळातील स्निग्धांश मात्र घट्ट जातीचा असल्याने हृदयविकार असणाऱ्यांनी ते बेताने घ्यावे. काजू याला थोडा अपवाद आहे. त्याची गणना मेव्यात होत असली तरी त्यात पिष्ट बरेच असते, म्हणूनच त्याची रस्साभाजी दाट होते. बदाम व काजू दोन्ही उपलब्ध असतील तर मधुमेहीने बदाम निवडावा.

कृती अवघड नाही. बदाम कढत पाण्यात तासभर ठेवावेत, साल काढावी, बारीक वाटावेत व स्वच्छ फडक्यातून गाळावेत. रात्रवासी पदार्थ न घेण्याचा नियम ज्या घरांत पाळला जातो, त्यांना ही रीत सोयीची आहे, कारण पहाटे भिजवून नवकारशीच्या वेळेपर्यंत ताजे दूध सिद्ध होते. तसेही हे दूध फार काळ टिकत नाही. ते त्या दिवसापुरतेच करावे, हे उत्तम. भुईमूग वापरणाऱ्यांस एक सूचना आहे. बुरशी लागलेला, काळपट किंवा कडू दाणा निवडून टाकावा. त्या बुरशीचे विष उकळल्याने जात नाही.

कडधान्यांपैकी एक सोयाबीनच या कामी उपयोगी आहे, कारण ते नावाने कडधान्य असले तरी गुणाने गळिताचे आहे. त्यात प्रथिने छत्तीस ते चाळीस टक्के व तेल अठरा-वीस टक्के असते. यवतमाळ, चंद्रपूर व आदिलाबाद या पट्ट्यात ते उदंड पिकते. पण बहुतांश माल तेलाच्या गिरणीत जातो आणि पेंड पशुपक्ष्यांच्या खाद्यात. बिनसाखरेच्या सोया दुधात शंभर मिलिलिटरमागे एक ते दोन ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे तीन ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाशी बरोबरी करणारा वनस्पतिजन्य पर्याय हाच. त्याचा उग्र वास अनेकांना नकोसा होतो. हा वास दाणा थंड पाण्यात वाटल्याने सुटतो. म्हणून साल काढलेली डाळ प्रथम उकळत्या पाण्यात टाकून अर्धा तास शिजवावी, ते पाणी फेकावे, मग गरम पाण्यात वाटून गाळावी व दूध पुन्हा चांगले उकळावे. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. ते उष्णतेनेच नष्ट होते.

दुधास पर्याय शोधण्याची ही खटपट आजची नाही. महात्मा गांधींनी १९१२ साली दूध वर्ज्य केले आणि पुढे शेंगदाण्याचे लोणी व लिंबू यांवर बराच काळ काढला. १९१८ साली ते मरणाच्या दारी पोहोचले, आणि अखेर शेळीचे दूध घेणे त्यांना भाग पडले. तरीही त्यांनी शोध सोडला नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी आश्रमवासीयांच्या आहारात सोयाबीनचा प्रयोग केला. वर्धा आमच्या याच लोहमार्गावर, बल्लारशाच्या पलीकडे आहे. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने भुईमुगाची प्रथिने म्हशीच्या दुधात मिसळून 'मिल्टोन' नावाचे पेय तयार केले. या इतिहासातून एक बोध घेण्याजोगा आहे. दुधाचा रंग आणणे सोपे आहे, दुधाचे पोषण आणणे कठीण आहे.

आमच्या समाजाच्या दृष्टीने हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपण मांस व अंडी घेत नाही. 'ब-१२' हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. आपणास ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. त्याच्या अभावी रक्त फिके पडते, हातापायांस मुंग्या येतात, स्मरणशक्तीवर परिणाम होतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत तर हे जीवनसत्त्व आणखी घटण्याचा संभव असतो. म्हणजे ज्याने साखर कमी व्हावी म्हणून दूध पूर्ण सोडले, त्याने एका खात्यातील तूट भरताना दुसरे खाते रिकामे केले. दूध सर्वथा सोडणाऱ्याने डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावे. ज्यांना तेवढी सक्ती नाही, त्यांनी कॉफीत बदामाचे वा सोयाबीनचे दूध घ्यावे आणि दुपारच्या जेवणात वाटीभर दही ठेवावे, हा मध्यममार्ग आम्हास रास्त वाटतो. लहान मुलांना तर बदामाच्या पाण्यावर कदापि ठेवू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी घेणाऱ्यांनीही आहारातील पिष्ट डॉक्टरांना न कळविता एकाएकी कमी करू नये. साखर अति उतरणेही तितकेच घातक असते.

कॉफी करणाऱ्या गृहिणींची एक तक्रार असते, की बदामाचे वा सोयाबीनचे दूध कॉफीत फाटते. याचे कारण कॉफीचा आंबटपणा व एकदम बसणारा चटका. दूध आधी कोमट करावे, ते पेल्यात प्रथम घ्यावे, आणि काढा उकळता न ओतता क्षणभर थांबून बारीक धारेने सोडावा. ज्यास फक्त रंग व चव हवी, त्याने काळ्या कॉफीत चमचाभर साय घालून पाहावी. चमचाभर सायीत शर्करा अर्धा ग्रॅमसुद्धा नसते. न्याहारीस पोह्यांऐवजी मुगाचे पेसरट्टू वा बेसनाचे धिरडे घेतले, तर पिष्ट कमी होऊन प्रथिने वाढतात.

शेवटी व्यापारीबंधूंस दोन शब्द. दुधाच्या पर्यायांची खोकी आता आपल्याही दुकानांत येऊ लागली आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली अशा वनस्पतिजन्य पेयांस 'दूध' हे नाव लावण्यास मनाई केली, कारण ग्राहक फसता कामा नये. पण केवळ नाव बदलून फसवणूक थांबत नाही. खोक्यावर 'साखर घातलेली नाही' असे मोठ्या अक्षरांत असते. त्यामागील बारीक कोष्टकात कर्बोदके, एकूण शर्करा व वरून घातलेली शर्करा असे स्वतंत्र आकडे असतात. यांपैकी कर्बोदकांचा आकडाच मधुमेह्याने पाहावयाचा असतो. तो दोनच्या आत असला तर वस्तू उपयोगाची, पाचच्या वर गेला तर साधे दूध काय वाईट होते? गिऱ्हाइकास हा आकडा बोट ठेवून दाखविणे, प्रसंगी महागडे खोके परत ठेवावयास सांगून पावशेर तीळ वा बदाम देणे, यात नफा थोडा कमी होईल. पण तराजू केवळ वजनाचा नसतो. ज्या दुकानात खरे सांगितले जाते, तेथे मुलगा व नातूही गिऱ्हाईक म्हणून येतात. आपल्या पेढ्यांची पत याच सचोटीवर उभी आहे, आणि ती पुढेही अशीच राहो, हीच सदिच्छा. इत्यलम्.