थंडीत पूल बंद, मग आपलं कामही बंद?

पुणे-नाशिककडे थंडी पडली की बंगल्यातल्या पूलमध्ये कोणी उतरत नाही. मालक म्हणतो, "दोन महिने येऊ नका, पाणी सोडून द्या." पूल मेंटेनन्सचा धंदा करणाऱ्याने इथेच बोलायचं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग पूल रिकामा कशाला? उलट पावसाळ्यानंतर जमिनीत पाणी मुरलेलं असतं, ते रिकाम्या पूलला खालून ढकलतं आणि तडे जाऊ शकतात. भिंती घासा, फिल्टर बॅकवॉश करा, पीएच ७.२ ते ७.६ ठेवा. क्लोरीन कमी लागतं. पंप रोज चालवा, फक्त तास कमी करा. शेवाळ थंडीत मंदावतं हो, पण थांबत नाही! आठवड्याला एकच फेरी, म्हणून दरही कमी लावा. आणि मार्चमध्ये हिरवं पाणी साफ करायला किती खर्च येईल, ते मालकाला आत्ताच कागदावर लिहून द्या.