सरळ रेटा

बॉल जॉइंट झिजला की गाडी ते आवाजानं सांगते. खड्ड्यातून हळू जाताना पुढच्या चाकापाशी बोथट ‘टक्’ होतं. गुळगुळीत हमरस्त्यावर मात्र सगळं शांत, त्यामुळे दुर्लक्ष होतं. पण चाक ज्याच्यावर बसतं तो नकल आणि खालचा लोअर आर्म यांना जोडणारा हा एकच सांधा आहे. गोळी वाटीतून निसटली तर चाक आडवं पडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर खाली बसते. हे हमरस्त्यावर वेगात झालं तर काय होईल, याचा विचार करून मी या आवाजाला कधीच थारा देत नाही.

आमच्या गॅरेजात १९९८ ची होंडा सिव्हिक आहे, मुलीला गाडी शिकता यावी म्हणून घेतलेली. आम्ही राहतो अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला. इथल्या गाड्यांना मीठ खातं. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर खडेमीठ टाकतात. क्लीव्हलंडला तर ईरी सरोवराच्या तळाखाली सुमारे १,८०० फुटांवर मिठाची खाणच आहे. बॉल जॉइंटची रचना आपल्या खुब्याच्या उखळीच्या सांध्यासारखी: वाटीत पोलादी गोळी, भोवती ग्रीस, वरून रबरी बूट. बुटाला भेग गेली की खारं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि गोळी वाटीला खाऊ लागते.

खात्री करायची रीत सोपी आहे. या गाडीत शॉक ॲब्सॉर्बरचा भार लोअर आर्मवर येतो, म्हणून जॅक त्या आर्मखालीच लावायचा. तेव्हाच सांधा मोकळा होतो. मग टायरखाली पहार घालून हलकेच उचकटायचं. चांगल्या सांध्यात काहीच हलत नाही. आमच्या गाडीत ती हालचाल डोळ्यांना दिसत होती.

भारतातल्या अनेक छोट्या गाड्यांत बॉल जॉइंट लोअर आर्मसकट येतो. अख्खा आर्म बदलला की काम झालं. या पिढीच्या सिव्हिकमध्ये तो नकलमध्ये दाबून बसवलेला असतो. मिलिमीटरच्या काही शतांशांनी मोठा तुकडा लहान भोकात बळानं घातलेला, त्यात पंचवीस वर्षांचा गंज. सांगलीला मामाच्या गॅरेजात असे जॉइंट घणानं काढताना मी लहानपणी पाहिलेत. तिथल्या मिस्त्रींच्या हाताला तोड नव्हती. पण या नकलमध्येच चाकाचं बेअरिंग असतं, आणि घणाचा प्रत्येक घाव त्याच्या गोळ्यांपर्यंत पोहोचतो. गोळ्या फिरतात त्या रेसवर बारीक खळगे पडतात, आणि काही महिन्यांनी चाक घरघरू लागतं. घरी हे काम करायचं तर प्रेसनंच, हे माझं ठाम मत त्यामुळेच आहे.

प्रेस विकत घ्यावा लागत नाही. इथली पार्ट्सची दुकानं अनामत घेऊन अवजारं वापरायला देतात आणि परत केल्यावर पूर्ण रक्कम हातात ठेवतात. पेटीत इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची जाडजूड पोलादी चौकट, तिच्यातून जाणारा इंचभर जाडीचा स्क्रू, आणि लहानमोठे कप असतात. स्क्रूच्या आट्यांना आधी ग्रीस लावायचं. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर वीस किलोचं बळ लावलं तर टॉर्क शंभर न्यूटन मीटरच्या आसपास येतो. एवढ्या जाडीच्या स्क्रूत त्याचा किमान दोन टनांचा दाब होतो. कोपरातल्या ताकदीवर दोन टन! इम्पॅक्ट गननं हेच पटकन होतं, पण मी लांब दांडाच वापरतो, कारण आत काय चाललंय ते हाताला कळतं.

आधीची उकल नेहमीचीच. ॲक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून ढिला करायचा. त्याची ठोकून वाकवलेली कड आधी उचलायची. गाडी स्टँडवर उभी केल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणाऱ्या माणसाला मी माझ्या गॅरेजात काम करू देणार नाही. कॅलिपर होजवर लोंबू द्यायचा नाही, तारेनं बांधायचा. टाय रॉड आणि आर्मचे निमुळते स्टड घर्षणानं घट्ट धरून बसतात. नट चार आट्यांवर ठेवून आर्मच्या कानावर आडवे दोन नेमके ठोके दिले की ते सुटतात. नट तिथे असला की आर्म झपकन खाली येत नाही.

नकल टेबलावर आला की खरं काम सुरू होतं. वायर ब्रशनं कड घासायची, सर्क्लिप काढायची, गंज सैल करणारं तेल मारून अर्धा तास सोडून द्यायचं. मग जॉइंट कुठल्या बाजूनं बाहेर पडतो ते पाहायचं. त्याला एका अंगाला कॉलर असते. कॉलर नकलवर टेकलेली आहे त्या दिशेनं रेटलं तर दोन टन काय, दहा टनही फुकट जातात आणि नकल चिरू शकतो. योग्य बाजूला एवढा रुंद कप लावायचा की जुना जॉइंट त्यात अलगद उतरेल, आणि त्याची कड नकलच्या सपाट भागावर सगळीकडून टेकेल.

कप सरळ बसलाय का, हे एका जागेवरून कळत नाही. मी समोरून पाहत होतो, मुलगी बाजूनं.

“बाबा, माझ्याकडून जरा डावीकडे कललाय.”

चौकट केसभर सरकवली, स्क्रू हातानं आवळला, पुन्हा विचारलं.

“आता?”

“आता सरळ आहे.”

डोळ्यांवर चष्मा चढवून, तिला स्क्रूच्या रेषेतून बाजूला उभं करून मी दांडा ओढला. पाव फेरा, अर्धा फेरा, मग दांडा हटेना. अशा वेळी जोर वाढवत बसू नये. चौकट ताणलेली ठेवून वर थोडं तेल टाकायचं आणि थांबायचं. कधी कधी ताणच काम करतो. पुन्हा दांडा धरला आणि बंदुकीसारखा ‘ठाण्’ आवाज झाला, तळहातापासून खांद्यापर्यंत झटका गेला. गंज तुटला होता. पुढे मात्र दांडा एकसारख्या जडपणानं फिरत राहिला आणि जॉइंट कपात उतरला. वाटीच्या आत तपकिरी लगदा होता, ग्रीसचा मागमूस नव्हता.

नवा जॉइंट मी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवला होता. चाळीसेक मिलिमीटर व्यासाचं पोलाद चाळीस अंशांनी गार झालं की जेमतेम दोन शतांश मिलिमीटर आक्रसतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण बसवण्यातली अडचणही तेवढ्याच मापाची आहे. भोक पॉलिश पेपरनं नुसतं साफ करायचं, धातू खायचा नाही. ढकलताना कप फक्त बाहेरच्या कडेवर टेकला पाहिजे. बुटावर किंवा मधल्या झाकणावर दाब आला तर नवा सांधा जन्मतःच बाद. तो पूर्ण बसला की दांडा एकदम दगडासारखा होतो. तिथे हात आखडायचा. मग सर्क्लिप तिच्या खाचेत टक्कन बसली पाहिजे. बसली नाही तर जॉइंट अजून थोडा बाहेर आहे.

परत जोडताना लोअर बॉल जॉइंटचा नट ४९ ते ५९ न्यूटन मीटरला आवळायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर थोडा आणखी आवळायचा, ढिला कधीही करायचा नाही. ॲक्सलचा नट नवाच घ्यायचा. गाडी चाकांवर उतरल्यावर १८१ न्यूटन मीटर, आणि कड पुन्हा खाचेत ठोकायची.

दुसऱ्या बाजूचा जॉइंट पहारीला अजून फारसा हलत नव्हता. पण दोन्ही बाजूंनी सारखंच मीठ खाल्लेलं आहे, आणि प्रेस सोमवारी परत करायचा होता. जेवण करून आम्ही उजवं चाक काढलं. तेलाचा डबा या वेळी मुलीनं हातात घेतला आणि कपाकडे समोरून पाहायला ती उभी राहिली.