किल्ली ठेवावी कोठे?

प्रोग्रॅममधील प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारे ‘गिट’ दूरच्या भांडाराशी व्यवहार करताना परवलीचा शब्द विचारते. दर खेपेस तो कोण टंकणार? म्हणून गिटपाशी काही सोयी आहेत. पैकी ‘स्टोअर’ तो शब्द फाइलीत उघड्या अक्षरांत लिहून ठेवते. कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवावी, तसे! ‘कॅश’ तो केवळ संगणकाच्या स्मृतीत धरते आणि, वेगळी मुदत सांगितली नसल्यास, १५ मिनिटांनी विसरते. गिटहबने तर १३ ऑगस्ट २०२१ पासून या कामी खात्याचा परवलीचा शब्द घेणेच थांबवले. त्याऐवजी ‘टोकन’ चालते. त्याला मुदत व मर्यादा घालता येतात. चोरीस गेल्यास तेवढेच रद्द करता येते. मात्र तेही उंबऱ्यावर ठेवू नये. तात्पर्य, सोय अवश्य घ्यावी. पण किल्ली कोठे पडली आहे, हे जाणून घ्यावी.